मुद्दलाला हात लावावा का?

१. बंदीची आगोट आणि निवृत्तीची

बोट आणि जाळी विकली, देणी भागवली, हातात ३० लाख रुपये उरले. आता महिन्याला किती काढले तर मरेपर्यंत पुरतील? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात साठी गाठलेल्या नौकामालकापुढे हा प्रश्न जितका उघडावाघडा उभा राहतो, तितका तो नोकरदारापुढे क्वचित राहतो. नोकरदाराला निदान भविष्य निर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते. जुन्या सरकारी नोकरीत पेन्शन असतं आणि त्यावर महागाई भत्ताही वाढत जातो. मासेमारीत तसं काही नाही. फेरी करून बोट बंदराला लागली, बांगडा, तारली, म्हाकूळ लिलावात गेलं, डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा झाला की उरलेल्या रकमेचे वाटे पडतात: बोटीचा, तांडेलाचा, खलाशांचा. पगारपत्रकच नाही, तर पीएफची कपात कुठून होणार? म्हाताऱ्या मालकाची सारी पुंजी बोटीत, जाळ्यात, घरात आणि बायकोच्या अंगावरच्या सोन्यात असते. बोट विकली की तिचा एकरकमी पैसा होतो आणि त्या दिवसापासून आवक थांबते. राज्य सरकारी सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं जुनं पेन्शन गेलं, तेव्हापासून शिक्षक आणि कारकूनही हळूहळू याच प्रश्नाकडे येत आहेत. म्हणून मिरकरवाड्याचा हिशेब नीट मांडला, तर तो बऱ्याच घरांच्या कामाचा आहे.

साठ्यातून मापाने काढून दिवस भागवणं या बंदराला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पर्ससीन जाळ्यांना तर २०१६ च्या शासन आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर असा चारच महिन्यांचा हंगाम दिला आहे. चार किंवा दहा महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची, हा इथला दरवर्षीचा व्यवहार आहे. मे महिन्यात घराघरांत आगोट भरली जाते: तांदूळ, डाळी, मसाला, सुकट, सोडे, सुके बोंबील. घरची बाई तीनच गोष्टी पाहते. खाणारी तोंडं किती, दिवस किती आणि रोजचं माप किती. निवृत्तीचं नियोजन म्हणजे हीच आगोट. फरक तीन आहेत, आणि सगळी अडचण त्या तिन्हींत आहे. पावसाळ्याची बंदी १ ऑगस्टला उठते, ही बंदी कधी उठणार ते ठाऊक नसतं. दोन महिन्यांत भाव फारसे बदलत नाहीत, वीस-पंचवीस वर्षांत ते कितीतरी पटींनी वाढतात. आणि डब्यातलं सुकट वाढत नाही, बँकेतला पैसा मात्र व्याजाने वाढतो. कधी जास्त, कधी कमी. आता हे फरक एकेक करून पाहू.

२. मुद्दल शाबूत असल्याचा भास

निवृत्तीच्या पैशाबद्दल आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या एकच नियम सांगितला जातो: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. नियम सोपा आहे आणि मोह आवरायला तो उपयोगी पडतो. पण ज्यासाठी तो पाळला जातो, ते मुद्दल काही त्याने राखलं जात नाही. समजा, ३० लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. त्या दराने दर तीन महिन्यांना ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. रकमेला धक्का नाही, घर चाललं आहे, सगळं ठीक दिसतं. आता महागाई वर्षाला ६ टक्के धरा. ७२ या आकड्याला महागाईच्या टक्क्याने भागलं की किमती दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते साधारण कळतं. ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षं. साठाव्या वर्षी सुरू केलेल्या माणसाला बहात्तराव्या वर्षीही साडेवीस हजारच मिळतील, पण त्यांत आजच्या सव्वादहा हजारांचंच सामान येईल. ज्या ३० लाखांना हात लावला नाही, त्यांचं मोलही १५ लाखांवर आलेलं असेल. मुद्दल खाल्लं गेलंच. फक्त खाताना कळलं नाही.

त्यात व्याजदरही कायमचा नसतो. या योजनेत पैसे ठेवताना असलेला दर पाच वर्षांसाठी पक्का होतो, पुढे त्या वेळचा दर लागतो. १ एप्रिल २०२० रोजी हाच दर ८.६ वरून ७.४ वर आला आणि पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा ७.६ वरून ६.६ वर. ज्यांची मुदत त्या सुमारास संपत होती, त्यांच्या आवकेला एका दिवसात सातवा हिस्सा कात्री लागली. म्हणून तीस वर्षांचा हिशेब करताना आजचा चांगला दर धरू नये. पुढची सगळी उदाहरणं ७ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई धरून केली आहेत. प्रत्यक्षात दोन्ही आकडे हलतील, पण त्यांच्यातलं अंतर फार मोठं धरणं धोक्याचं आहे.

३. किती काढलं तर किती वर्षं

व्याजावर जगणं फसवं असेल, तर मुद्दलही खर्चायचं; पण मापाने. त्याचं गणित असं. पहिल्या वर्षी एक ठरावीक रक्कम काढायची आणि दरवर्षी ती ६ टक्क्यांनी वाढवायची, म्हणजे बाजारात तिची किंमत तीच राहील. ३० लाखांतून पहिल्या वर्षी २ लाख १० हजार, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार काढले, तर पैसा १५ वर्षं पुरतो. महिन्याला साडेबारा हजारांपासून सुरुवात केली तर २२ वर्षं, दहा हजारांपासून केली तर २८ वर्षं. टक्क्यांत सांगायचं तर ७ टक्के काढणारा पंचाहत्तरीला रिकामा होतो, ५ टक्के काढणारा ब्याऐंशीला आणि ४ टक्के काढणारा अठ्ठ्याऐंशीला. तोंडी हिशेबासाठी सोपी युक्ती आहे. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं समजा आणि १०० ला काढायच्या टक्क्याने भागा. ४ टक्के काढले तर २५ वर्षं, ५ टक्के काढले तर २०. व्याज महागाईपेक्षा जरा जास्त मिळालं तर वर दोन-तीन वर्षं पदरात पडतात.

या गणितातली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. दहा हजारांपासून सुरुवात करणाऱ्याच्या खात्यातली रक्कम पहिली बारा-तेरा वर्षं कमी होतच नाही, उलट वाढते. बाराव्या वर्षाच्या अखेरीला पासबुकात जवळपास पावणेसदतीस लाख दिसतात. एवढी वर्षं खाऊनही पैसा वाढलाच, असं वाटतं. नातवाच्या लग्नाला, मुलाच्या नव्या इंजिनाला, घराच्या स्लॅबला पाच-सात लाख द्यायला हरकत नाही, असं घरात बोललं जातं. पण तोवर महिन्याचा तोच खर्च वीस हजारांवर गेलेला असतो आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत हे सारे पावणेसदतीस लाख उतरणार असतात. शेवटच्या वर्षी आजच्या दहा हजारांचा संसार चालवायला महिन्याला सुमारे ४८ हजार लागतील. पासबुकातला आकडा आणि आपली श्रीमंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सत्तरीत आठवणीत राहत नाही. म्हणून ते साठीतच वहीत लिहून ठेवलेलं बरं.

वर्षं किती धरायची? साठी गाठलेला भारतीय माणूस सरासरी आणखी १८ वर्षं जगतो. बरेच जण हाच आकडा धरून अठ्ठ्याहत्तरीपर्यंत हिशेब करतात आणि तिथेच फसतात. सरासरीच्या पुढे जगणारे जवळपास निम्मे असतात. शिवाय घरात माणसं दोन असतात. बायको बहुधा वयाने लहान, आणि बायका सरासरीने जास्त जगतात. नवरा साठचा आणि बायको चोपन्नची असेल, तर तिच्या अठ्ठ्याऐंशीपर्यंतची वर्षं अठ्ठावीस होत नाहीत, चौतीस होतात. तेवढ्या काळासाठी सुरुवात दहा हजारांऐवजी साडेआठ हजारांच्या आसपास करावी लागते. मासळी बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई नवरा थकल्यावरही कमावत असते, हा या घरांचा मोठा आधार. पण तिच्या कमाईच्या जोरावर नवऱ्याने पैसा भराभर काढला, तर तिच्या हातपाय न चालण्याच्या वर्षांत खात्यात काही उरत नाही. वर्षं मोजायची ती धाकट्याच्या वयाने.

४. वाईट वर्ष कधी येतं यावर सगळं

अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये याच प्रश्नाचं उत्तर जुन्या आकडेवारीतून शोधलं. १९२६ पासूनचे तिथल्या शेअर आणि रोख्यांचे परतावे घेऊन त्यांनी पाहिलं की पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवले, तर अगदी वाईट काळात निवृत्त झालेल्याचाही पैसा तीस वर्षं पुरला. सर्वांत जास्त ओढाताण झाली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची. त्यांच्या वाट्याला सुरुवातीलाच पडता बाजार आणि चढती महागाई आली. बेंगन यांच्या कामातला ४ टक्क्यांचा आकडा गाजला, पण मला मोलाची वाटते ती ही दुसरी गोष्ट: सरासरी परतावा किती यापेक्षा वाईट वर्षं आधी येतात की नंतर, यावर पैशाचं आयुष्य ठरतं.

लहान उदाहरण घेऊ. दोघांकडे दहा-दहा लाख आहेत. दोघेही दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख काढतात. पहिल्याला तीन वर्षांत अनुक्रमे ३० टक्के तोटा, १० टक्के नफा आणि ४० टक्के नफा होतो. दुसऱ्याला तेच तीन आकडे उलट क्रमाने मिळतात. काहीच काढलं नसतं तर दोघांकडेही १० लाख ७८ हजार झाले असते. काढल्यामुळे मात्र पहिल्याकडे पावणेसात लाख उरतात आणि दुसऱ्याकडे सव्वाआठ लाख. पहिल्याने पडत्या भावात पैसा काढला, आणि काढलेला पैसा नंतरच्या तेजीत सामील होऊ शकला नाही. हे कागदापुरतं नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली गेला. त्या जानेवारीत सगळी पुंजी शेअरमध्ये घालून महिन्याला पैसे काढू लागलेल्याचं काय झालं असेल, ते वरच्या उदाहरणावरून कळतं. सोन्याचंही तसंच आहे. सोनं महागाईला पुरून उरतं हे लांबच्या काळात खरं आहे, पण २०१२ ते २०१८ ही वर्षं ते दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आसपास घुटमळत होतं. त्या काळात खर्चासाठी सोनं मोडणाऱ्याला महागाईचं संरक्षण मिळालं नाही.

५. शिल्लक भागिले वर्षं

मग दरवर्षी हे सारं कोण मोजणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याला माझं उत्तर एका भागाकाराचं आहे. वर्षातून एकदा, एका ठरल्या दिवशी खात्यातली एकूण शिल्लक घ्यायची. घरातल्या धाकट्याचं वय ९० मधून वजा करायचं. शिल्लक त्या वर्षांनी भागायची. आलेलं उत्तर हे या वर्षीचं माप, त्याचे बारा भाग म्हणजे महिन्याचा खर्च. बायको साठ वर्षांची असेल तर वर्षं तीस. ३० लाख भागिले ३० म्हणजे एक लाख, महिन्याला ८,३३३. उरलेल्या २९ लाखांवर ७ टक्के व्याज मिळालं तर पुढच्या वर्षी शिल्लक ३१ लाख ३ हजार. आता वर्षं २९, माप १ लाख ७ हजार, महिन्याला सुमारे ८,९००. व्याज चांगलं आलं की माप आपोआप वाढतं, वाईट आलं की आपोआप घटतं. बेंगन यांच्या पद्धतीत बाजार पडला तरी रक्कम वाढवायची असते. या पद्धतीत पडत्या वर्षी पोटाला थोडा चिमटा बसतो, पण पैसा अचानक संपत नाही. ज्या घरांनी मासळी न लागलेल्या हंगामात खर्च आवरला आहे, त्यांना हा चिमटा नवा नाही. वार्षिक हिशेबाला जुलैची अखेर चांगली. बोटी समुद्रात जाण्यापूर्वी घरात तशीही आकडेमोड चालू असते.

या भागाकाराचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या वर्षी त्या ३१ लाख ३ हजारांतून लग्नासाठी पाच लाख दिले असं समजा. शिल्लक २६ लाख ३ हजार, भागिले २९, म्हणजे महिन्याला साधारण साडेसात हजार. लग्नाची किंमत म्हातारा-म्हातारीला महिन्याला १,४०० रुपये, तीही उरलेल्या सगळ्या वर्षांसाठी. तरीही द्यायचे असतील तर जरूर द्यावेत. पण घरातल्या सगळ्यांनी हा आकडा पाहून द्यावेत.

६. कोणता पैसा कुठे

पुढच्या दोन वर्षांचा खर्च आणि दुखण्याखुपण्याचे दोन-तीन लाख बँकेत, लगेच निघतील असे ठेवावेत. ज्येष्ठ नागरिक योजनेतून वर्षाच्या आत पैसे काढले तर व्याज मिळत नाही, दोन वर्षांच्या आत काढले तर मुद्दलातून दीड टक्का आणि पाच वर्षांच्या आत काढले तर एक टक्का कापला जातो. तिथला पैसा मधेच मोडावा लागू नये, म्हणून हा हातचा. मधल्या आठ-दहा वर्षांचा मोठा हिस्सा ज्येष्ठ नागरिक योजनेत किंवा पोस्टात. आणि दहा वर्षांनंतर लागणारा पैसा, साधारण चौथा-पाचवा हिस्सा, महागाईवर मात करण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी: शेअर आणि रोखे दोन्ही असलेला म्युच्युअल फंड, काही सोनं. हा शेवटचा हिस्सा पडत्या वर्षी विकावा लागत नाही, कारण आधीचे दोन हिस्से तेवढा काळ घर चालवतात. चौथ्या भागातल्या धोक्यावर हाच खरा उपाय आहे.

गावच्या पतसंस्थेत एक टक्का जास्त मिळतो, ओळखीची माणसं आहेत, दारात येऊन पैसे घेऊन जातात. मग पोस्टात रांग कशाला? ओळखीचं मोल मी कमी करत नाही. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला एक हजार रुपयेच काढण्याची मुभा होती. महिन्याच्या खर्चासाठी त्याच खात्यावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला जास्तीचा एक टक्का तेव्हा काय कामाचा? पाच लाखांवरची रक्कम एका बँकेत ठेवू नये आणि जगण्याचा पैसा पतसंस्थेत ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमा कंपनीकडून आजन्म पेन्शन विकत घेणं हा आणखी एक मार्ग. माणूस शंभर वर्षं जगला तरी पैसे येत राहतात, हा त्याचा गुण. रक्कम बहुधा वाढत नाही, म्हणजे दुसऱ्या भागातली सगळी अडचण परत येते, हा दोष. ज्याला भागाकाराची शिस्त जमणार नाही किंवा ज्याच्या पैशावर घरात अनेकांचे डोळे आहेत, त्याने थोडी रक्कम तिथे बांधून टाकली तर ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

७. "मुलगा आहे की सांभाळायला"

सर्वांत जुना आक्षेप हा. बोट विकायची कशाला, मुलाच्या नावावर करावी, तो दोघांना बघेल. अनेक घरांत हे नीट चालतं, आणि चालणाऱ्या बोटीचा वाटा महागाईबरोबर वाढतो हेही खरं. पण मासळी कमी लागण्याचा, डिझेल वाढण्याचा, बंदीचा सगळा धोका मग बाप आणि मुलगा दोघांच्याही पोटावर एकदमच येतो. ज्या वर्षी मुलाची तंगी, त्याच वर्षी बापाचीही. म्हणून बोट मुलाकडे गेली तरी काही पुंजी आईबापांच्या स्वतःच्या नावावर, समुद्राशी संबंध नसलेल्या ठिकाणी हवी. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशी अट मोडल्यास हस्तांतर रद्द करण्याची वाट देतं. अट लिहिण्यात मुलावर अविश्वास नाही. सुनेला आणि नातवंडांनाही पुढे नेमकं काय ठरलं होतं ते कळतं.

ज्याच्याकडे विकायला बोटच नाही, त्या खलाशाला वरचं गणित लागू होत नाही. त्याचं वय चाळिशीच्या आत असेल आणि तो आयकर भरत नसेल, तर अटल पेन्शन योजना त्याच्यासाठी आहे. साठीनंतर महिन्याला पाच हजार मिळण्यासाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी केली तर १,४५४. हे पाच हजारही वाढत नाहीत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. अगदी निराधार वृद्धाला पासष्टीनंतर राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार आहेत. आणि सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचाराचं संरक्षण मिळतं. त्याचं कार्ड काढून ठेवलं, तर दुखण्याच्या हातच्या पैशावरचा भार हलका होतो.

तीस लाख ही ऐकायला मोठी रक्कम आहे, आणि तीस वर्षांत वाटली तर महिन्याला साडेआठ हजारही होत नाहीत. तेव्हा सौदा ठरण्याआधीच नवरा-बायकोने वही घेऊन बसावं, शिल्लक किती राहील ती लिहावी, धाकट्याच्या वयाने वर्षं काढावीत आणि भागाकार करावा. उत्तर घरखर्चाला अपुरं आलं, तर बोट आणखी दोन-तीन हंगाम चालवायची की नाही, हे ठरवण्याची सोय बोट हातात असेपर्यंतच असते.